दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना, मनापासून

आदरणीय काका,
सा. न.

समोर आभार मानले की तुम्ही "अगं, त्यात काय" म्हणत विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितेय. घरून काम करताना ऑफिसच्या फाइल रखडत उतरण्याचा माझ्यासारखाच त्रास कितीतरी जणांना असेल, त्यांनाही तुमची पद्धत कळेल.

लाइन १०० एमबीपीएसची, पण राउटरवर व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारी सुरक्षित वाट) चालू केलं की पुण्याच्या ऑफिसच्या सर्व्हरवरून नकाशाची एक फाइल उतरेपर्यंत जेवणवेळ उलटून जायची. ज्याला विचारावं तो प्लॅन वाढवायला सांगे. तुम्ही मात्र आधी मोजायला बसलात. वायफाय बाजूला ठेवून लॅपटॉपला केबल लावली, व्हीपीएन बंद करून वेग पाहिला. पूर्ण मिळाला. प्लॅनचा विषय तिथंच संपला.

मग व्हीपीएनवरून फाइल उतरत असताना राउटरच्या प्रोसेसरवर नजर ठेवलीत. एक कोअर (प्रोसेसरमधला काम करणारा एक भाग) १०० टक्क्यांवर, बाकीचे निवांत. राउटरवरचं ओपनव्हीपीएन हे जुनं व्हीपीएन सॉफ्टवेअर एकाच कोअरवर राबत होतं, आणि त्याच्या एईएस या एन्क्रिप्शनसाठी (माहिती कुलूपबंद करण्याच्या पद्धतीसाठी) चिपमध्ये खास सोय नव्हती. ऑफिसच्या आयटीवाल्यांशी बोलून वायरगार्ड या दुसऱ्या व्हीपीएनची जोडणी मागून घेतलीत. २०२० पासून ते लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) आहे आणि त्याचं चाचा-२० हे एन्क्रिप्शन साध्या चिपलाही झेपतं. वेग तिथल्या तिथे वाढला.

दुसरं कुणी असतं तर इथंच चहा घेऊन उठलं असतं. पण एक खोड उरली होती. चॅट चाले, फाइल वर चढे, मोठं काही उतरवायला घेतलं की मध्येच अडकून बसे. लहान जातं, मोठं अडतं, एवढं ऐकूनच तुम्ही म्हणालात, "एमटीयू बघू." म्हणजे एका पाकिटात जास्तीत जास्त किती बाइट मावतात ते.

पाकिटाचे तुकडे करायची मनाई करून पिंग, म्हणजे चाचणीची पाकिटं, सोडलंत. १४७२ बाइट अडले, १४६४ गेले. त्यात हेडरचे (पाकिटावरच्या पत्त्या-माहितीचे) २८ मिळवले की १४९२. आपली लाइन पीपीपीओईची (कंपनीकडे लॉगिन करून जोडली जाणारी), नेहमीच्या १५०० पैकी ८ बाइट तीच खाते. मग लाइट बिलाच्या पाठीमागे तुम्ही मांडलंत: वायरगार्डचा एमटीयू १४२०, जोडणी आयपीव्ही६ (इंटरनेटची नवी पत्तापद्धत) वरून म्हणून वरचं वेष्टन ८०, बेरीज १५००. जागा १४९२ ची. आठ बाइटांसाठी माझं काम अडून राहत होतं, काका! रेल्वेच्या बुटक्या पुलाखालून दुचाकी सुटावी आणि ट्रक अडावा, तसं चाललं होतं. त्यात 'पाकीट मोठं आहे' हा निरोप वाटेतल्या एखाद्या फायरवॉलने अडवला, तर पाठवणाऱ्याला काही कळतच नाही, हेही तुम्ही समजावलंत.

दोन्ही टोकांना एमटीयू १४१२ केला, राउटरच्या फायरवॉलमध्ये एमएसएस क्लॅम्पिंग (पाकिटं मुळातच लहान मापाची बनवायला लावणारी सोय) चालू केलं. आता व्हीपीएनवर ८० एमबीपीएसच्या पुढे वेग मिळतो आणि फाइल मध्ये थांबत नाही.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या माणसानं एवढी दुपार माझ्यासाठी द्यावी, आणि नुसतं दुरुस्त करून न जाता प्रत्येक आकडा कुठून आला ते सांगावं, याचं मला फार मोल वाटतं. परवा राउटरचं फर्मवेअर अपडेट झालं, तेव्हा दोन्ही सेटिंग टिकल्यात का हे मी स्वतः तपासलं. टिकल्यात.

काकूंना नमस्कार.

तुमची,
खालच्या मजल्यावरची शेजारीण