आप्पांच्या काळजातली छत्री

अमळनेर,
शनिवार, संध्याकाळ

प्रिय दिलीप,

काकूंच्याही ठोक्यांसाठी गोळी की छत्री, हे तू विचारलंस. फोनवर धड बोललो नाही, कारण आप्पा शेजारीच होते आणि त्यांचे कान माझ्यापेक्षा तिखट. म्हणून हे पत्र.

आप्पांचे ठोके मागेपुढे पडतात. एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला पिशवीसारखा एक कोपरा असतो, तिथे रक्त साचून गाठ धरते आणि ती मेंदूत गेली की लकवा. झडपा चांगल्या असतील तर दहातल्या नऊ गाठी त्या कोपऱ्यातच होतात. म्हणून जळगावच्या डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या : जन्मभर रक्त पातळ करायची गोळी, नाहीतर जांघेतून नळी घालून त्या कोपऱ्याच्या तोंडाला छत्रीसारखं बूच.

खरं सांगू? माझं मन छत्रीकडेच होतं. एकदाचं काय ते करून मोकळं. आप्पा म्हणाले, "मना काळीजमा छत्री कसाले रे भो? तठे पानी पडी ऱ्हायना का?"

मग कळलं, छत्रीनंतरही बहुधा दीडेक महिना पातळ करायची गोळी असते, पुढे काही महिने वेगळ्या गोळ्या. शिवाय नळी जाते ती कप्प्यांमधला पडदा टोचून. हृदयाभोवती रक्त साचायची भीती थोडी, पण असते. वय ८२, वजन ५४ किलो.

गोळी धरली तर माझी भीती पडण्याची, डोक्यात रक्तस्राव होईल म्हणून. फेब्रुवारीत ओट्यावरून पडलेच होते. त्यावर डॉक्टरांनी १९९९ सालचा एक हिशोब सांगितला : वॉरफरिनवरच्या, म्हणजे रक्त पातळ करायच्या जुन्या गोळीवरच्या, म्हाताऱ्या माणसाला डोक्यातल्या रक्तस्रावाचा तोटा फायद्यावर जायला वर्षाला सुमारे २९५ वेळा पडावं लागेल. आप्पा पडतात, पण इतकेही नाही!

चुटपुट वेगळीच लागली आहे. दोन वर्षं आम्ही नुसती अ‍ॅस्पिरिन देत बसलो, 'वयाला हलकी बरी' म्हणून. २०११च्या अभ्यासात अपिक्साबॅनने, रक्त पातळ करायच्या नव्या गोळीने, तिच्या तुलनेत लकव्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आणलं, आणि मोठा रक्तस्राव जवळपास तेवढाच. कसली हलकी!

वॉरफरिन नको म्हटलं. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालं त्याचा आकडा, दोन ते तीनमध्ये ठेवायचा, सारख्या तपासण्या, आणि पालेभाजी रोज साधारण सारखीच. हिवाळ्यात भरीत आणि वर कांद्याची पात. आप्पांना 'मोजून खा' म्हणणारा अजून जन्मायचाय. शेवटी अपिक्साबॅन, अडीच मिलिग्रॅम, दोन वेळा. ऐंशी ओलांडलेली आणि वजन साठच्या आत, म्हणून निम्मा डोस.

पण आमचं बघून तू गोळीच धरू नकोस. काकूंच्या अल्सरमधून दोनदा रक्त गेलंय, बाटल्या चढवाव्या लागल्या. छत्री खरी अशांसाठीच. फक्त आधी विचार, नंतरच्या त्या काही महिन्यांच्या गोळ्या पोटाला झेपतील का, आणि त्या कमी करता येतील का. एकाच डॉक्टरवर थांबू नकोस. पोटाच्या आणि हृदयाच्या डॉक्टरांचं आपसात बोलणं होऊ दे.

आमच्याकडे अडचण आहे ती रात्रीच्या गोळीची. बारा तासांत असर बराच उतरतो, चुकवून चालत नाही. कालची आज सकाळी चंचीत सापडली, तंबाखूत.

आठ वाजले. ती देऊन येतो, मग पाकीट चिकटवतो.

तुझा,
प्रकाश