हापूसच्या पायाखालचा रायवळ

मा. संपादक,
स. न.

यंदा होळीनंतर आमचा शेप्या तोडला. आंबोली घाटाखालच्या उतारावर, खासगी रानातला जुना रायवळ, म्हणजे कोयीतून उगवलेला गावठी आंबा. फळाला शेपूचा वास, म्हणून शेप्या. कैऱ्या धरलेल्या असतानाच आडवा झाला. विकला माझ्याच काकांनी, आणि त्यांना बोल लावायला माझी जीभ रेटत नाही. झाडावर चढणारा गडी मिळत नाही, पडलेले आंबे माकडं नेतात, उरलेले काढायची मजुरी आंब्यांपेक्षा महाग. व्यापारी मात्र दारात येऊन रोख मोजतो.

१९६४च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आंबा आहे, परवानगी लागते. ती होती की! कागदावर लिहिलं होतं, 'आंबा, १ नग'. शेप्या कुठेच नव्हता.

खरं तर हापूसवाल्यांनीच आधी ओरडायला हवं. हापूसचं कोय कलम बांधतात ते रायवळाच्या कोयीतून आलेल्या रोपावर. २०१८मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. ज्याच्या मुळांवर तो उभा आहे त्याला वीटभट्टी. शिवाय आंब्याची कोय भाताच्या बियाण्यासारखी कणगीत ठेवता येत नाही. वाळली की मेली. म्हणजे बियाण्याची पेढी म्हणायची तर ती हे उभं झाडच. त्यातही रायवळाची कोय लावली म्हणून आईचीच चव येईल असं नाही, प्रत्येक झाड निराळं. शेप्या हवा तर शेप्याचीच काडी घेऊन कलम करायला हवं होतं. हे मला माहीत होतं, तरी काडी घ्यायची राहिली.

कर्नाटकात शिरसी-सागर भागातल्या शेतकऱ्यांनी हे केलंय. लोणच्याची अप्पेमिडी म्हणजे नदीकाठच्या जंगलातला आंबा. मिडी, म्हणजे कोवळ्या कैऱ्या, काढायला लोक फांद्याच तोडू लागले, तेव्हा चांगल्या झाडांच्या काड्या आणून त्यांनी आपल्या जमिनीत कलमं लावली. अर्थात कलमाने चव वाचते, रान वाचत नाही. धनेशाला घरट्यासाठी जुन्या झाडाची ढोलीच लागते, बुटक्या कलमात ती कुठून येणार?

आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी एक छोटासा मासा सापडला, आणि २०२१मध्ये ती जागा जैवविविधता वारसास्थळ झाली. फार चांगलं झालं. मग सह्याद्रीच्या उतारावरच्या जुन्या रायवळांची निदान ग्रामपंचायतीच्या लोकजैवविविधता नोंदवहीत नावानिशी नोंद का होऊ नये? नाव, जागा, घेर, फळाचा स्वाद. आणि झाड राखणाऱ्या मालकाला वर्षाकाठी काही रक्कम मिळावी. व्यापारी देतो तेवढी नको, पण काकांना 'नाही' म्हणता येईल इतकी तरी.

आमच्या वाडीत अजून अकरा रायवळ उभे आहेत. खोबऱ्या आणि साखऱ्याचा सौदा पावसाआधी ठरायचा आहे.

आपला,
एक वाचक, ता. सावंतवाडी