गिटार खाजवणाऱ्या पोरांच्या बाजूने

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकांचं पत्र आलं होतं, की आजकालची पोरं दिवसभर गिटार खाजवत बसतात, भजनाला कोणी फिरकत नाही आणि रॉक म्हणजे नुसता दणदणाट. मी स्वतः भजनी मंडळात पेटी वाजवतो, त्यामुळं भजनाला माणसं कमी झाली हे मला चांगलंच माहितीय, पण त्याचं खापर गिटारवर कशाला फोडता ओ? आणि दणदणाटाचं म्हणाल तर सोलापूरच्या पूर्व भागात कापडाच्या मागांच्या खडखडाटातच वाढलोय आम्ही.

माझा पुतण्या कॉलेजला आहे. गॅदरिंगसाठी त्यानं डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडचं 'स्मोक ऑन द वॉटर' घेतलंय. गाणं 1972 चं, म्हणजे पत्र लिहिणाऱ्या साहेबांच्याच तरुणपणातलं असणार. 1971 च्या डिसेंबरात स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावात कॅसिनोला आग लागली, धूर तळ्यावर पसरला, हे लोक तिथंच रेकॉर्डिंगला गेले होते, त्यांनी जे पाहिलं त्याचंच गाणं केलं. पोवाडाच म्हणा की.

आता खरा मुद्दा. क्लासमध्ये पुतण्याला आकडे लिहून दिले (आकडा म्हणजे गिटारच्या दांड्यावरची कितवी पट्टी, म्हणजे फ्रेट, दाबायची; शून्य म्हणजे तार मोकळी), सगळ्यात जाड तारेवर शून्य-तीन-पाच, शून्य-तीन-सहा-पाच. एकटं वाजवलं तर गाणं ओळखू येतं, पण मूळ रेकॉर्डिंग लावून सोबत वाजवलं की कानाला खुपतं, कारण सुराची पट्टीच वेगळी, ती जाड तार ई या सुराची आणि गाणं जी मायनरमध्ये, म्हणजे जी ला सा धरून. मग मी पेटी काढली, पांढरी पाचला, म्हणजे जी ला, सा धरला आणि त्याला म्हणलं आकडे ठेव बाजूला, आधी तोंडानं म्हण. सा, कोमल ग, म. परत सा, कोमल ग, मग तीव्र 'म'ला नुसतं टेकून शुद्ध 'म'वर यायचं. मग सा, कोमल ग, म, कोमल ग, सा, झालं. तो तीव्र म सापडला तेव्हा पोरगं खूश, म्हणतं काका गाण्याची सगळी मजा हितंच आहे.

तरी काहीतरी कमी वाटत होतं. यूट्यूबला स्पीड निम्मा केला (आमच्या काळात टेप हळू केली की सूरच खाली जायचा, आता जात नाही, एवढं मोबाईलचं कौतुक) तेव्हा कळलं की एकावेळी दोन सूर वाजतायत. सा च्या खाली मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम, कोमल ग च्या खाली मंद्र कोमल नी, म च्या खाली सा. गिटारवर हे मधल्या डी आणि जी या दोन तारांवर येतं, आधी दोन्ही मोकळ्या, मग तिसरा फ्रेट, मग पाचवा. आणि डीप पर्पलचा गिटारवाला रिची ब्लॅकमोर ते पिकनं (तार छेडायच्या छोट्या चकतीनं) नाही, बोटांनी उचलतो, म्हणून दोन्ही तारा एकदम बोलतात. पिकनं छेडलं की एक आधी, एक नंतर, आणि मग ते तसं लागत नाही म्हणजे नाहीच.

गन्स अँड रोझेस या अमेरिकन रॉक बँडच्या 1987 च्या 'स्वीट चाइल्ड ओ माइन' मध्ये तर सगळी गिटारच अर्धा सूर उतरवलेली आहे, बोटं अगदी बरोबर फ्रेटवर ठेवली तरी रेकॉर्डिंगशी जुळणार नाही, पोरं आपलीच गिटार बिघडली समजून खुंट्या पिळत बसतात. पेटीवाल्याला हे लगेच समजतं, गायकाची पट्टी बदलली की आम्ही रोज तेच करतो.

म्हणून त्या साहेबांना सांगणं एवढंच की ऐकून सूर काढणं हे भजनातलंच काम आहे, फक्त वाद्य दुसरं. राग धरायचाच तर आकड्यांच्या झेरॉक्स वाटणाऱ्या क्लासवाल्यांवर धरा. एवढी फी घेता, तर निदान पहिल्या दिवशी पोराला चार ओळी नीट ऐकवा, गुणगुणायला लावा, मग गिटार हातात द्या.

पत्र जरा लांबलंय, कापायचं असेल तर स्वित्झर्लंडचं कापा, सुरांचं तेवढं ठेवा.

आपला,
एक पेटीवाला,
पूर्व भाग, सोलापूर