अर्थाआधी भाषा सांगा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत देशोदेशीच्या नावांचा आणि त्यांच्या अर्थांचा पानभर तक्ता आला आहे. रकाने तीन: नाव, मुलगा की मुलगी, आणि अर्थ. पेन्सिल हातात धरून वाचायची माझी जुनी खोड आहे. पान संपेस्तोवर समासात जागा उरली नाही, म्हणून हे पत्र.

'व्हॅनेसा'पासून सुरुवात करते. तक्त्यात अर्थ दिलाय 'फुलपाखरू'. हे नाव जोनाथन स्विफ्ट या लेखकाने स्वतः जुळवलेले आहे. एस्थर नावाच्या आपल्या मैत्रिणीच्या आडनावाचा पहिला तुकडा 'व्हॅन' त्याने घेतला, त्याला एस्थरचे लाडके रूप 'एस्सा' जोडले आणि तिच्यावर कविता लिहिली. ती छापली गेली १७२६ मध्ये. फॅब्रिशियस या कीटकशास्त्रज्ञाने फुलपाखरांच्या एका प्रजातीला हे नाव दिले ते १८०७ मध्ये. म्हणजे फुलपाखरू नावावर येऊन बसले आणि तक्ता सांगतो की नावच फुलपाखरातून निघाले! 'थॉमस'पुढे 'पराक्रमी' लिहिले आहे. तो मूळ अरामी शब्द, अर्थ 'जुळा'. बायबलच्या ग्रीक पाठात येशूच्या थॉमस या शिष्याला 'दिदिमस' असेही म्हटले आहे, आणि त्याचाही अर्थ जुळाच. पराक्रम कुठून आला, देव जाणे.

मला ही उठाठेव का, तर ग्रंथालयात एकतीस वर्षे मी कॅटलॉगिंग केले. पुस्तक कुणाचेही असो, लेखकाचे नाव आधी माझ्या टेबलावर येई. त्यात कुलनाम कोणते, स्वतःचे नाव कोणते, हे ठरवल्याशिवाय कार्ड खणात जात नसे. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी मी एका कार्डावर 'थांट, यू.' असे टाइप केले, 'यू'पुढे टिंब देऊन. कुणा उमाकांताचे आद्याक्षर असावे तसे. महिन्याभराने एक वयस्कर वाचक ते कार्ड खणातून अर्धे वर ओढून माझ्यापाशी घेऊन आले आणि म्हणाले, "बाई, हे टिंब कशाचं?" मग त्यांनीच समजावले. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झालेल्या ब्रह्मदेशातल्या या गृहस्थांचे नाव एवढेच: थांट. आडनाव नाहीच. मी टाइप केलेला 'यू' म्हणजे खरा 'ऊ', हा मानाचा शब्द, आपल्या 'राव'सारखा. तोही वयाबरोबर बदलतो: तरुणपणी 'मौंग', बरोबरीच्यांत 'को', थोरपण आले की 'ऊ'. मी ब्लेडच्या कोपऱ्याने ते टिंब खरवडले. जाड कार्ड होते, तरी तिथे खळगा पडला तो पडलाच.

तेव्हापासून संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांची यादी माझी आवडती झाली. नवीन येणाऱ्या मुलींना नावांचे काम शिकवताना मी तीच पुढे ठेवायची. १९४६ पासूनच्या पहिल्या नऊ जणांतले काही घ्या. नॉर्वेचे त्रिग्वे ली, जुन्या नॉर्समधल्या 'विश्वासू'वरून. स्वीडनचे दाग हामरशोल्ड, दाग म्हणजे सरळसरळ 'दिवस'. ऊ थांट झालेच. ऑस्ट्रियाचे कुर्त वाल्डहाइम, कुर्त हे कोनरादचे आखूड रूप, त्यात 'धीट' आणि 'सल्ला' असे दोन जर्मन तुकडे. पेरूच्या हावियेर यांचे नाव मुळात माणसाचे नव्हेच. बास्क भाषेत 'नवे घर' म्हणजे जे, त्यावरून स्पेनमधल्या एका ठिकाणाचे नाव पडले. तिथल्या गढीत १५०६ मध्ये संत फ्रान्सिस झेवियर जन्मले, त्यांच्यामागे ते ठिकाण चिकटले आणि त्यांच्या कीर्तीमुळे पोरांची नावे हावियेर पडू लागली. मग इजिप्तचे बुत्रोस. बुत्रोस म्हणजे पीटर. येशूच्या या शिष्याचे 'खडक' हे टोपणनाव अरामीत 'केफा' होते, ग्रीकांनी त्याचे भाषांतर करून 'पेत्रोस' केले, अरबीत 'प' नसल्यामुळे त्याचे 'बुत्रोस' झाले. या सरचिटणीसांचे आजोबा बुत्रोस घाली इजिप्तचे पंतप्रधान होते. त्यांचे अख्खे नाव घराण्याचे आडनाव बनले, म्हणून नातू बुत्रोस बुत्रोस-घाली. हे नाव छापताना एक 'बुत्रोस' चुकून दोनदा पडला समजून गाळलेला मी स्वतः पाहिला आहे.

कोफी अन्नान यांच्यापाशी मात्र थांबायलाच हवे. घानातल्या अकान लोकांत वारावरून नाव असते. शुक्रवारी मुलगा झाला तर कोफी, मुलगी झाली तर एफुआ. हे ८ एप्रिल १९३८ रोजी जन्मले. पंचांग मागे नेऊन मोजा, शुक्रवारच येतो. पूर्ण नाव कोफी अत्ता अन्नान. 'अत्ता' म्हणजे जुळा, आणि जुळी बहीण अर्थातच एफुआ. 'अन्नान' म्हणजे चौथे अपत्य. जन्मदाखल्यातला निम्मा मजकूर नावातच! तुमच्या तक्त्यात 'कोफी – शुक्रवारी जन्मलेला' हे बरोबर छापले आहे, पण अकान भाषेचा उल्लेख नाही. उद्या कुणी सोमवारच्या मुलाचे नाव आवडले म्हणून कोफी ठेवील. सोमवारचा तो क्वाद्वो.

जुळ्यांचा विषय निघाला म्हणून सांगते. नायजेरियातल्या योरुबांत जुळ्यांपैकी आधी येणारे मूल ताइवो, 'जगाची चव घेऊन पाहणारे'. मागून येणारे ते केहिंदे. आणि थोरले कोण, तर मागून आलेले केहिंदे! त्यानेच धाकट्याला पुढे पाठवले, जग कसे आहे ते बघून ये म्हणून. आता याला 'केहिंदे – दुसरा' एवढाच अर्थ छापून काय कळणार?

शिवाय तक्ताभर सगळे 'तेजस्वी', 'सुंदर', 'अद्वितीय'. जगात आईबाप मुलांना नेहमी विशेषणेच देतात असा समज होतो. तुर्कीत 'दुरसुन' हे नाव आहे, 'राहू दे' या अर्थाचे. आधीची मुले दगावली की पुढच्याचे हे नाव. शेजारच्या बल्गेरियात 'स्तोयान', तिथेही धातू उभे राहण्याचा, टिकण्याचा. भाषा परक्या, मागणे तेच. मंगोलियात 'नेरगुई' म्हणजे 'नाव नसलेला', 'एनेबिश' म्हणजे 'हा नव्हे'. दुष्ट शक्तींनी हाक ऐकली तरी त्यांना मूल सापडू नये. तुर्कीतच मुलीचे नाव 'येतेर', म्हणजे 'पुरे'. हे नाव कार्डावर टाइप करताना माझा हात थबकला होता.

आणि सगळे परकेच असते असेही नाही. आपला देवदत्त घ्या. ग्रीक थिओडोर तोच. त्यातले दोन तुकडे उलटे लावले की डोरोथी. स्लाव भाषांत बोग्दान, फारसीत खुदादाद, अरबीत अताउल्ला, हिब्रूत नथानेल. फ्रान्सच्या राजाराणीला लग्नानंतर तेवीस वर्षांनी, १६३८ मध्ये, मुलगा झाला तेव्हा लुई या नावाला 'दियुदोने' जोडले, म्हणजे देवाने दिलेला. हाच पुढे चौदावा लुई. इराणी 'मिथ्रदात' तर आपल्या मित्र-दत्ताचा सख्खा भाऊ. आणि इतिहासाच्या पुस्तकातला इराणचा सम्राट डरायस? त्याच्या स्वतःच्या भाषेत तो 'दारयवउश', म्हणजे चांगले ते धरून ठेवणारा. आता त्यातले 'धारय' आणि 'वसु' कुणी समजावून द्यायला हवेत का?

सरचिटणीसांच्या यादीतले नववे, पोर्तुगालचे आंतोनियो गुटेरेस, मुद्दाम मागे ठेवले होते. तक्त्यात 'अँटनी – फूल' आहे. हे रोमन कुळाचे नाव, आंतोनियस. ते कुळाला कशावरून पडले ते अभ्यासकांनाही पक्के सांगता आलेले नाही. एट्रुस्कन, म्हणजे इटलीतल्या एका प्राचीन भाषेतले, असावे असा तर्क आहे. पुढे कुणाला ग्रीक 'अँथोस', म्हणजे फूल, आठवले आणि इंग्रजांनी त्या ओढीने नावात जास्तीचा 'एच' घुसवला. चूक स्पेलिंगमध्ये शिरली की लोक तिलाच पुरावा मानतात.

माझी मागणी साधी आहे. पुढच्या वेळी चौथा रकाना करा, 'मूळ भाषा' असा, आणि तो अर्थाच्या आधी छापा. अर्थ माहीत नसेल तिथे आडवी रेघ मारा. कार्डांवर जन्मसालाच्या जागी मी अशा रेघा शेकड्यांनी मारल्या आहेत. एकाही वाचकाने त्यावरून तक्रार केल्याचे मला आठवत नाही.

आपली,
एक निवृत्त ग्रंथालय कर्मचारी

ता. क. – 'अकिको'पुढे 'शरद ऋतूतले मूल' लिहिले आहे. जपानीत हा उच्चार एका चिन्हाने लिहिला तर शरद, दुसऱ्याने लिहिला तर तेज. कोणती अकिको, ते तिने सही केल्यावरच कळते.