जुन्या खिडक्यांच्या फटी आणि चाळीतली थंडी

महोदय,

मुंबईत थंडी असते कुठे, असे म्हणणाऱ्यांनी जानेवारीतली एक रात्र गिरगावातल्या आमच्या चाळीच्या वरच्या मजल्यावर, कौलांखाली काढून पाहावी. सांताक्रूझला जानेवारी १९६२ मध्ये ७.४ अंश तापमान नोंदले गेले होते. तेवढा गारठा आता पडत नाही. परंतु उत्तरेचे वारे सुटून पारा चौदा-पंधरा अंशांवर आला, की जुन्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तेवढीही थंडी सोसत नाही. गेल्या हिवाळ्यात माझी ८१ वर्षांची आई रात्री दोन-दोनदा उठून बसे आणि ‘पायांना वारा लागतो’ एवढेच सांगे.

प्रथम आम्ही हीटर आणायचे ठरवले होते. दोन हजार वॉटचा हीटर तासाला दोन युनिट वीज घेतो, म्हणजे आठ तासांच्या रात्रीला सोळा युनिट. शिवाय त्याला लागणारा सुमारे नऊ अँपिअरचा भार आमच्या खोलीतल्या साध्या प्लगला आणि जुन्या वायरिंगला झेपणारा नव्हता. म्हणून वारा येतो कुठून, ते आधी शोधले. पंखा बंद करून, पेटती उदबत्ती हातात धरून मी खोलीभर फिरलो. मधोमध धूर सरळ वर जात होता. खिडकीच्या दोन झडपा जिथे मिळतात तिथे तो आत वळला, आणि गॅलरीच्या दाराच्या उंबरठ्याशी तर जमिनीलगत आडवा झाला. आईचे अंथरूण नेमके त्याच रेषेत होते.

तावदानांभोवतीची सुकून झडलेली लांबी काढून नवी भरली, झडपांच्या कडांना फोमची चिकटपट्टी लावली, ढिल्या बिजागऱ्यांचे स्क्रू बदलले आणि रात्री दाराशी ठेवायला जुन्या साडीची घट्ट सुरळी शिवली. अंथरुणाखाली सतरंजीची जोड दिली, कारण शहाबादी फरशीचा गारवा अंगात शिरतो. सारा खर्च आठशे रुपयांच्या आत झाला आणि आई सलग झोपू लागली.

या फटी पडतात त्याला काही अंशी आपणच कारणीभूत आहोत. पावसाळ्यात लाकूड फुगून दार घासू लागले, की आपण घाईने सुताराला बोलावून रंधा मारून घेतो. पुढे हवा कोरडी झाली की तेच लाकूड आकसते आणि तासलेल्या जागी बोटभर फट राहते. लाकूड वाळेपर्यंत थांबावे, मग लागेल तेवढेच तासावे आणि झडपेच्या वरच्या व खालच्या कडांनाही रंग द्यावा. त्या कडा दिसत नाहीत म्हणून कोरड्याच सोडल्या जातात आणि पाणी तिथूनच मुरते.

मात्र सगळेच बंद करू नये, हे मी कळकळीने सांगतो. स्वयंपाकाच्या जागेतला वरचा झरोका आणि दाराखालची फट मोकळीच ठेवावी, कारण सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास जमिनीलगत साठतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी ऊब घेण्यासाठी कधीही पेटवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला उठण्याची संधीही मिळत नाही. मोरीत गॅसचा गीझर असेल तर तिथलीही हवा अडवू नये.

इतके सोपे काम होत का नाही? ‘आज ना उद्या पुनर्विकास होणारच आहे, आता खिडकीवर खर्च कशाला’ हे वाक्य मी आमच्या चाळीत वीस वर्षे ऐकत आहे. या वीस वर्षांत दोन पिढ्यांनी याच खिडक्यांखाली हिवाळे काढले. नवी इमारत व्हायची तेव्हा होवो. तोवर राहायचे इथेच आहे. चाळ समित्यांनी दिवाळीनंतर एक सुतार दोन दिवस बोलावून मजल्या-मजल्यावरच्या झडपा एकदम पाहून घ्याव्यात, म्हणजे प्रत्येकाला खर्चही कमी येईल. आमच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या तीन खोल्या आहेत. त्यांची लांबी आणि पट्ट्या येत्या रविवारी आम्ही शेजारी मिळून लावणार आहोत.

– एक चाळकरी, गिरगाव, मुंबई