बाहेर जेवायला जाण्याविषयी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आईच्या तिळाच्या ॲलर्जीचे आणि बाबांच्या सीलिॲक आजाराचे निदान झाल्यापासून तुम्ही बाहेर जेवणे जवळजवळ सोडून दिले आहे. कुणी आग्रहाने नेलेच, तर आई ‘मला भूक नाही’ म्हणत पाण्याचा पेला घेऊन बसते आणि बाबा समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून ‘थोडेसे चालेल’ म्हणतात. मला दोन्ही खटकते, पण बाबांच्या भिडेची काळजी अधिक वाटते. विचारण्यातला संकोच सोडलात, तर शहरात बाहेर जेवणे तुम्हाला आजही शक्य आहे, याची मला खात्री आहे.

बाबा, सीलिॲकमध्ये थोडेसे चालत नाही. ग्लुटेन, म्हणजे गहू, जव यांसारख्या धान्यांतले प्रथिन, पोटात गेले की शरीराची प्रतिकारयंत्रणा लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते, आणि वरून त्रास जाणवला नाही तरी आत इजा होऊ शकते. एखाद्या पदार्थाला ग्लुटेनमुक्त म्हणण्यासाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाने घातलेली मर्यादा किलोमागे अवघी २० मिलिग्रॅम आहे. त्यामुळे चुकून आलेला ब्रेड उचलून बाजूला ठेवणे पुरेसे नाही, ताटच बदलून मागावे. शिवाय गहू डोळ्यांना दिसतोच असे नाही. सूप दाट करायला मैदा लावलेला असतो, सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो, आणि बटाट्याचे काप ज्या तेलात तळले त्याच तेलातून आधी मैद्याचे आवरण असलेले काहीतरी निघालेले असू शकते. म्हणून तळण वेगळ्या तेलात होते का, हे मी सर्वांत आधी विचारते.

आई, तुझा त्रास काही मिनिटांतच जिवावर बेतू शकतो. तिळाचे तेल पुष्कळदा पूर्ण शुद्ध केलेले नसते, म्हणून त्यात ॲलर्जी आणणारी प्रथिने उरतात, आणि भाजल्याने ती निरुपद्रवी होत नाहीत. असे तेल स्वयंपाकी शेवटी वासापुरते चमचाभर सोडतो आणि मेनूत त्याचा उल्लेखही नसतो. तीळ लावलेला पाव ज्या चिमट्याने उचलला, त्याच चिमट्याने तुझ्या ताटात भाजी वाढली गेली तरी पुरे. बुफेचे जेवण त्यासाठीच तू टाळावेस. हात साबणाने धुवावेत, सॅनिटायझरने ही प्रथिने जात नाहीत.

विचारणे म्हणजे उपकार मागणे नव्हे. युरोपीय संघात डिसेंबर २०१४ पासून रेस्टॉरंटांनाही १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणे बंधनकारक आहे आणि त्यांत तीळ व ग्लुटेनयुक्त धान्ये दोन्ही येतात. असा नियम नसलेल्या ठिकाणीही प्रश्न तितकाच रास्त ठरतो. मात्र तो ऐन गर्दीत विचारू नये. दुपारी स्वयंपाकघर निवांत असताना फोन करावा, जेवायलाही लवकर जावे, आणि काय चालत नाही ते एका कार्डावर लिहून थेट आत स्वयंपाक्याच्या हाती पोहोचवावे. वेटर जागेवरूनच ‘नाही, काही नसते त्यात’ म्हणाला, तर आत जाऊन विचारून येण्याची विनंती करावी. ‘आमच्याकडे खात्री देता येणार नाही’ असे कुणी सांगितले, तर त्याचे आभार मानून उठावे; त्याने प्रामाणिकपणे तुमच्या जिवाची काळजी घेतलेली असते.

आई, डॉक्टरांनी दिलेली ॲड्रेनलिनची दोन्ही इंजेक्शने पर्समध्येच असू देत, तापणाऱ्या गाडीत ठेवू नकोस. घसा आवळला, श्वास अडला किंवा अंगावर गांधी उठून चक्कर आली, तर ॲलर्जीच्या गोळीवर विसंबून वाट पाहू नये; मांडीच्या बाहेरच्या बाजूला इंजेक्शन द्यावे, आडवे व्हावे, दम लागत असेल तर टेकून बसावे, आणि लगेच रुग्णवाहिका बोलवावी. बरे वाटले तरी रुग्णालयात जावेच, कारण काही तासांनी लक्षणे पुन्हा उलटू शकतात. हे बाबांनाही करता आले पाहिजे. तुझी रक्तदाबाची गोळी बीटा-ब्लॉकर प्रकारची आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचार, कारण तिच्यामुळे ॲड्रेनलिनचा परिणाम कमी होऊ शकतो. पण ती आपल्या मनाने बंद करू नकोस.

मी पुढच्या महिन्यात येईन तेव्हा आपण तिघे बाहेर जेवायला जाऊ. जागा मी फोनवर चौकशी करून ठरवीन, पण तिथे गेल्यावर बोलायचे ते बाबांनी. तोवर इंजेक्शनांवरची मुदत तपासून मला कळवा.

तुमची,
कन्या