पाठीला पाठ लावलेली लीड्सची घरं

महोदय,

इंग्लंडच्या गिरणी-शहरांतल्या कामगारांच्या जुन्या घरांचा विषय आपल्याकडे निघाला की 'तिकडची चाळ' एवढं म्हणून मोकळं व्हायची पद्धत पडली आहे. चाळीला निदान समोर गॅलरी असते, बऱ्याच ठिकाणी मागे खिडकीही असते. लीड्सच्या 'बॅक टू बॅक' घरांना मागची बाजूच नाही. मागच्या गल्लीतल्या घराची आणि आपली पाठभिंत एकच, डावी-उजवीकडच्या भिंती शेजाऱ्यांशी सामायिक. उरली ती एक भिंत. दार, खिडक्या सगळं तिच्यातच. हवा आत येणार, पण आरपार जाणार नाही. या घरांचं पुढे जे बरंवाईट झालं ते यातून झालं, आणि जुन्या आठवणींच्या लेखांत नेमकं हेच सुटतं.

जुन्या नमुन्यात खाली साधारण पंधरा फूट लांब-रुंद खोली, वर तेवढीच, त्यावर पोटमाळा आणि खाली तळघर. बांधणाऱ्याचा हिशेब सरळ होता: शेताच्या अरुंद पट्ट्यात दुप्पट घरं बसतात आणि भिंतींच्या विटा वाचतात. मँचेस्टरने १८४४ मध्येच अशा नव्या घरांना पायबंद घातला. लीड्सने १८६६ मध्ये फक्त नियम घातला, की सलग आठ घरांनंतर मोकळी जागा सोडायची. त्या जागेत सामायिक संडास आले. नंतरच्या सुधारित घरांत तळघराच्या पातळीवर स्वतंत्र संडास मिळाला, पण त्याचं दार बाहेरून. १९०९ च्या कायद्याने देशभर बंदी आली, तरी आधी मंजूर झालेल्या नकाशांच्या आधारावर लीड्समध्ये अशी घरं थेट १९३७ पर्यंत बांधली गेली. म्हणूनच हेअरहिल्स, बीस्टन, हेडिंग्ली या भागांत मिळून अजून सुमारे साडेएकोणीस हजार उभी आहेत. बर्मिंगहॅममध्ये एके काळी लीड्ससारखीच हजारोंनी होती. तिथे हर्स्ट स्ट्रीटवरचा, सामायिक अंगणाभोवतीच्या घरांचा एकच समूह नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेने जपला आणि २००४ मध्ये लोकांना खुला केला.

एकाच बाजूने उघडं घर राहण्याजोगं कसं राहायचं? उत्तर चुलीत आहे. बिडाच्या चुलीत मधे विस्तव, एका अंगाला भट्टी, दुसऱ्या अंगाला पाणी तापवायची टाकी. स्वयंपाक आणि गरम पाणी तिच्यावरच, त्यामुळे उन्हाळ्यातही विस्तव विझत नसे. धुराड्याचा ओढा खोलीतली दमट हवा चोवीस तास वर खेचायचा. मागची खिडकी नसल्याची भरपाई हे धुराडं करत होतं. कोळसेवाला पोतं रस्त्यालगतच्या लोखंडी झाकणातून तळघरात ओतायचा. पोतं एका हंड्रेडवेटचं, म्हणजे जवळजवळ ५१ किलोचं. त्याच झाकणाच्या फटीतून तळघरालाही वारा मिळे. तिथल्या दगडी ओट्यावर दूध, लोणी, मांस ठेवत, कारण घरातली सगळ्यात थंड जागा तीच.

१९५६ च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर साधा कोळसा हळूहळू बंद झाला. धुरातून शहर सुटलं, ते चांगलंच झालं. पण मग चुली काढून गॅसच्या शेगड्या आल्या आणि पुढे मालकांनी धुराड्याची तोंडं विटा लावून बुजवली, कोळशाची झाकणं सिमेंटने बंद केली. तेव्हापासून ही घरं ओलीची म्हणून बदनाम झाली. पूर्वीच्या चुलीमागच्या, पुढे आलेल्या भिंतीपासून सुरुवात करून पाहा: पावसाळी हवेत तिथे पिवळट-तपकिरी डाग उमटतो आणि कोरड्या दिवसांत फिका होतो. लोक छत गळतं समजून कौलवाल्याला बोलावतात. कौलं ठीक असली तर दोष वर्षानुवर्षांच्या काजळीतून गिलाव्यात उतरलेल्या क्षारांचा असतो; ते हवेतली ओल ओढून घेतात. नुसता रंग मारून हा डाग जात नाही. गिलावा खरवडून काढावा लागतो, धुराड्यावर पाऊस अडवणारी पण हवा जाऊ देणारी टोपी बसवावी लागते आणि खालच्या बुजवलेल्या भागात जाळी ठेवावी लागते.

दुसरं नुकसान बाहेरून होतं. भिंत नऊ इंची, भरीव, चुन्यात बांधलेली. पावसाचं पाणी ती थोडं पिते आणि सांध्यांतल्या चुन्यातून सोडते. त्या दरजांत सिमेंट भरलं की पाणी विटेतच अडकतं, कडाक्याच्या थंडीत गोठून फुगतं आणि विटेचे पोपडे सुटतात. वीट आत जाते, सिमेंटची रेघ पुढे राहते. असं दिसलं की समजावं, कुणीतरी 'मजबुती' केली आहे. योग्य काम म्हणजे सांधा रुंदीच्या दुप्पट खोल, निदान २० मिलिमीटर, हाताने उकरायचा, पाणी मारायचं, एक भाग हायड्रॉलिक (पाण्याने घट्ट होणारा) चुना आणि तीन भाग जाडसर वाळू भरायची आणि काही दिवस ओलं गोणपाट टांगून ठेवायचं. पारा ५ अंशांखाली जाणार असेल तर हे काम काढूच नये.

या घरांऐवजी जे बांधलं त्याचाही हिशेब मांडायला हवा. वस्ती पाडून उभारलेले लीड्समधल्या क्वारी हिलचे प्रचंड फ्लॅट १९३८ मध्ये राहायला खुले झाले, तेव्हा आधुनिकतेचा नमुना मानले गेले. पोलादी सांगाडा गंजला आणि १९७८ मध्ये ते पाडले. बॅक टू बॅक उभीच आहेत, आणि तीन बाजूंना शेजार असल्याने उष्णताही कमी गमावतात. म्हणून त्यांचं कौतुक करावं असं नाही. आग लागली तर बाहेर पडायला एकच वाट, हा दोष आजही तसाच आहे.

शिकायला लीड्सला येणारी आपली मुलंही हेडिंग्लीत अशा घरांत भाड्याने राहतात. घर बघायला जाताना धूर-सूचक यंत्र प्रत्येक मजल्यावर आहे ना, पोटमाळ्याची खिडकी पूर्ण उघडते ना, हे आधी पाहावं. तळघराचं कोळशाचं झाकण बंद केलं असेल तर तुळयांची टोकं कुजली आहेत का तेही विचारावं. आणि ओले कपडे खोलीत वाळत घालू नयेत. हीटर लावून वाळवलेल्या कपड्यांचं पाणी जाणार कुठे? बाहेरच्या थंड भिंतीच्या आतल्या अंगाला, कपाटामागे, काळी बुरशी होऊन बसतं.

— एक वाचक, लीड्स (इंग्लंड)